मंत्री महोदय, अंगावर वळ नाहीत म्हणून छळच झाला नाही का?

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

साहेब, मी नाशिकची. इंदिरानगरला राहते, नोकरी करते, आजवर कुठल्या मंत्र्याला पत्र लिहायची वेळ आली नव्हती. परवा एक पानाचं सरकारी पत्र घरी आलं आणि ते वाचल्यावर ठरवलं की आता गप्प बसायचं नाही. पत्रात लिहिलंय, "सदर संस्थेस समक्ष भेट देऊन चौकशी केली असता तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. विषय संपला.

तक्रार काय होती ते आधी सांगते. माझी आई ७८ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, सगळी नोकरी सिन्नर तालुक्यातल्या खेड्यांत गेली. गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मी आणि नवरा दोघंही कामाला जाणारे, आणि ब्यूरोची बाई आठवडाभर नीट यायची की नंतर फोनच उचलायची नाही. म्हणून आम्ही तिला शहराच्या कडेला एका खाजगी केअर सेंटरमध्ये ठेवलं. महिना २२ हजार, डिपॉझिट वेगळं, डायपर आणि औषधं वेगळी. जागा स्वच्छ होती, ते मी नाकारत नाही. चकचकीत फरशी, छोटं देवघर, भिंतीवर वाढदिवसांचे फोटो, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी आजी-आजोबा टाळ्या वाजवतानाचे व्हिडिओ.

तिला तिथं कुणी मारलं नाही. हे मी मुद्दाम आधी लिहिते कारण जिथं जिथं गेले तिथं पहिला प्रश्न तोच आला, मारलं का?

मारलं नाही. पण एका रविवारी मी तिच्या कॉटवर बसून संत्रं सोलून देत होते, ती मला तिच्या जुन्या शाळेतल्या एका मुलीची गोष्ट सांगत होती, चांगली रंगात आली होती. बाहेर पॅसेजमध्ये चपलांचा आवाज आला आणि ती वाक्याच्या मधेच थांबली. हातातली फोड पटकन गाऊनच्या खिशात टाकली. तिथं काम करणाऱ्या मावशी दारातून डोकावून गेल्या, काही बोलल्यासुद्धा नाहीत. त्या गेल्यावर आई हळूच मला म्हणाली, "खाऊ का गं?" मी म्हटलं, अगं खा की, विचारतेस काय? तर म्हणाली, "इथं विचारावं लागतं."

जिनं चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प केला ती बाई संत्र्याची फोड खायला परवानगी मागत होती, साहेब.

मग एकेक गोष्ट बाहेर आली, तीही एकदम नाही, घरी आणल्यानंतर, रात्री-अपरात्री, तुकड्या-तुकड्यात. बेल सारखी वाजवते म्हणून बेलची वायर वर खिळ्याला बांधून ठेवलेली. कानाचं मशीन "हरवतं" म्हणून ऑफिसच्या कपाटात, म्हणजे दिवसभर तिला काही ऐकू येत नव्हतं आणि ऐकू आलं नाही की "बहिरे" म्हणून ओरडा. अंथरूण ओलं झालं की चार जणींच्या देखत त्यावरून हसणं, "पुन्हा केलंस तर व्हिडिओ काढून पोरीला पाठवीन" ही धमकी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, "पोरीला नकोशी झालीस म्हणून तर इथं आणून टाकली, आता इथं कुणाला नखरे दाखवतेस?" हे तिला रोज ऐकवलं जायचं आणि मी दर रविवारी समोर बसत असूनही तिनं मला विचारलं नाही की हे खरं आहे का. कारण तिला वाटायला लागलं होतं की खरंच असेल.

अंथरूण ओलं होऊ नये म्हणून तिनं पाणी पिणं कमी केलं. म्हातारपणी पाणी कमी झालं की काय होतं ते कुठलाही डॉक्टर सांगेल, लघवीचं इन्फेक्शन झालं, त्यातून ताप, त्यातून भ्रम, माणसं ओळखेना, रात्री ओरडायला लागली. सेंटरवाल्यांनी आम्हाला काय सांगावं, "आजींना डिमेन्शिया सुरू झालाय, ह्या वयात होतंच." आणि रात्री शांत झोपावी म्हणून झोपेची गोळी चालू केली, जी तिच्या कुठल्याही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नव्हती. आम्ही तिला ॲडमिट केलं, इन्फेक्शन उतरलं, ती गोळी बंद झाली आणि आठवड्याभरात आई पुन्हा पेपरातलं शब्दकोडं सोडवायला लागली. कुठे गेला तो डिमेन्शिया?

मी हे सविस्तर लिहिते कारण हे पत्र तुमच्याबरोबर इतरही लोक वाचतील आणि त्यांच्यापैकी कितीतरी जणांचं माणूस आत्ता कुठेतरी ठेवलेलं असेल. त्यांना सांगते, वळ शोधू नका. तुमचं माणूस स्टाफ आत आल्यावर गप्प होतं का ते बघा. फोन दिला की तो नेहमी स्पीकरवर असतो का, आणि पलीकडून "मी बरी आहे, जेवले, काळजी करू नका" ही तीनच वाक्यं येतात का. क्षुल्लक गोष्टीला सॉरी म्हणतंय का, परवानगी मागतंय का, कुणी हात उचलला की दचकतंय का. दिवसासुद्धा पेंगतंय का. वजन उतरलंय का. चष्मा, कानाचं मशीन, कवळी, काठी ह्या गोष्टी त्याच्या हाताशी आहेत की कुठल्या कपाटात. आणि प्रत्येक वेळी "वय झालंय हो" असं उत्तर मिळतंय का. वय झाल्यानं माणूस विसरतं, हळू चालतं, पण चपलांच्या आवाजाला घाबरत नाही.

आणि असं काही दिसलं तर तिथल्या तिथं आरडाओरडा करून निघून येऊ नका, कारण तुम्ही गेल्यावर त्या रात्री तुमचं माणूस त्यांच्याच हातात असतं. आधी त्याला एकट्याला बाहेर आणा, झाडाखाली, गाडीत, दवाखान्यात नेतो सांगून, कुठेही. खोदून खोदून विचारू नका, नुसतं बसा, ते बोललं तर "तुझा गैरसमज असेल" म्हणू नका. तारीख-वार लिहून ठेवा. औषधांची यादी लेखी मागा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. रविवारी अकराची भेट ठरलेली असेल तर बुधवारी संध्याकाळी जा. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. हे सगळं आम्ही केलं. आणि मग सरकारी दारं वाजवली, तिथून पुढची गोष्ट तुमच्या राज्यकारभाराची आहे.

पोलिसांकडे गेलो. "मारहाण आहे का? मेडिकल आहे का? दागिने-पैसे गेले का?" नाही म्हटल्यावर हवालदारांनी चहा मागवला आणि अदखलपात्र नोंद करून हातात कागद दिला. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७ ला फोन केला, तिथल्या ताईंनी खरंच नीट ऐकून घेतलं, कुठं अर्ज करायचा ते सांगितलं, त्यांच्या हातात त्यापलीकडे काय आहे? प्रांतांकडचं न्यायाधिकरण सुचवलं कुणीतरी, तर ते आहे मुलांनी आई-बापाला पोटगी दिली नाही तर. इथं पोटगीचा प्रश्नच नाही, पैसे तर आम्ही दर महिन्याच्या पाच तारखेला भरत होतो! शेवटी जिथं अर्ज द्यायला सांगितला तिथं, तुमच्याच खात्यात, दिला. तिथल्या साहेबांनी मला समोर बसवून शब्द दिला की मॅडम, आम्ही न कळवता जाऊ आणि तुमच्या आईंचा जबाब घरी येऊन घेऊ.

आईचा जबाब घ्यायला आजतागायत कुणी आलं नाही. ती रोज दुपारी केस विंचरून, धुतलेली साडी नेसून बसायची, शिकवायला जायच्या सवयीनं मुद्दे वहीत लिहून काढले होते तिनं. आणि न कळवता जाणार होते त्यांनी आदल्या दिवशी सेंटरला फोन केला. हे मला तिथून नोकरी सोडलेल्या एका मुलीनं सांगितलं. त्या दिवशी सगळ्यांना इस्त्रीचे कपडे, शिरा, बेलच्या वायरी खाली. आजी-आजोबांना एकेक करून ऑफिसच्या केबिनमध्ये बोलावलं, मालक त्याच सोफ्यावर बसलेला, आणि विचारलं, "काय आजी, काही त्रास आहे का इथं?" सगळे म्हणाले नाही. अहो, काय म्हणणार ते? रात्रीचं पाणी कुणाच्या हातून घ्यायचंय त्यांना? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि ह्याला तुमच्या सरकारात समक्ष चौकशी म्हणतात.

आता कायद्याचं बोलू, कारण मला प्रत्येक टेबलावर कायदा शिकवला गेला म्हणून मीही तो वाचला. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा २००७ चा. त्यात छळ ह्याची व्याख्याच नाही. कलम २४ मध्ये शिक्षा आहे ती म्हाताऱ्या माणसाला कायमचं वाऱ्यावर सोडून देण्याबद्दल, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे रस्त्यावर सोडलं तर गुन्हा, आणि चार भिंतींच्या आत महिनोन् महिने अपमान करून माणूस आतून मोडला तर ह्या कायद्यात त्याला नावसुद्धा नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात शारीरिक, शाब्दिक, भावनिक, आर्थिक असा सगळा छळ व्याख्येत घेतला होता, खाजगी केअर होम आणि घरी माणूस पुरवणाऱ्या एजन्सी ह्यांना नोंदणी सक्तीची केली होती, प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक जबाबदार अधिकारी नेमायचं म्हटलं होतं. संसदेच्या समितीनं २०२१ मध्ये अहवालसुद्धा दिला. मग? मग काही नाही. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही गेलं. साडेचार वर्षं ते पडून होतं आणि त्या साडेचार वर्षांत बाकी किती कायदे एका दिवसात पास झाले ते आम्ही टीव्हीवर बघितलंय.

आता तुम्ही म्हणाल हे दिल्लीचं काम. नाही साहेब. त्याच २००७ च्या कायद्यातलं कलम १९ काढा. पहिल्या भागात म्हटलंय, राज्य सरकार, सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निराधार किमान १५० ज्येष्ठ राहतील असे वृद्धाश्रम काढू शकतं. दुसऱ्या भागात म्हटलंय, वृद्धाश्रमांचा कारभार कसा असावा, दर्जा काय असावा, सेवा कोणत्या असाव्यात ह्याची योजना राज्य सरकार ठरवू शकतं. राज्य सरकार म्हणजे तुम्ही. त्याच्या पुढचं कलम २२, ज्येष्ठांच्या जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी कृती आराखडा करायचा तोही राज्यानंच. राज्याचं ज्येष्ठ नागरिक धोरण २०१८ मध्ये आलं, छान भाषा आहे त्यात. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये अश्विनी कुमार प्रकरणात सरकारला सांगितलं की जिल्ह्या-जिल्ह्यात वृद्धाश्रम किती आहेत ती माहिती गोळा करा. मला नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्या खाजगी केअर सेंटरांची एक यादी कुठल्याही टेबलावर मिळाली नाही. वडापावची गाडी लावायला लायसन्स लागतं, पंधरा-वीस म्हातारी माणसं बंगल्यात ठेवून महिन्याचे साडेतीन-चार लाख गोळा करायला आमच्या त्या सेंटरला शॉप ॲक्टचा एक कागद पुरला. भिंतीवर फ्रेम करून लावलाय तो!

आणि नाशिक म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, ओझरच्या एचएएल विमान कारखान्याचे, एकलहऱ्याच्या वीज केंद्राचे, देवळालीच्या तोफखान्याचे, वर हवा चांगली म्हणून मुंबईहून येऊन राहिलेले. ह्या लोकांची मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत फिरा, बंगल्यांवर बोर्ड वाढतायत, माया, छाया, आधार, सावली असल्या अर्थाची नावं. मुलांना वाईट म्हणून मोकळं होणं सोपं आहे, संस्कार संस्कार म्हणून भाषणं ठोकणं त्याहून सोपं. पण दोघं कमावल्याशिवाय घराचा हप्ता जात नाही, घरी येणाऱ्या नर्सची सरकारी सोय नाही, फिजिओथेरपी परवडत नाही, आणि पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला तीन महिने कुठे ठेवायचं ह्याचं उत्तर तुमच्या एकाही योजनेत नाही. मग माणूस केअर सेंटरला जातं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाज त्या व्यवस्थेला वाटायला हवी जी त्या दारामागं एकदाही डोकावत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत, माझे नाहीत. संस्थांमध्ये काम करणाऱ्या दर तिघांपैकी दोन कर्मचाऱ्यांनी स्वतः कबूल केलंय की गेल्या वर्षभरात आपल्याकडून वृद्धांचा छळ झाला. तिथं राहणाऱ्यांना विचारलं तर सुमारे ३३ टक्के, म्हणजे तिघातला एक, मानसिक छळ सांगतो. हे जगभरचं. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं अशा संस्थेत राहणाऱ्या माणसाला मानसिक छळापासून आणि सोयीसाठी दिल्या जाणाऱ्या गुंगीच्या औषधांपासून संरक्षणाचा हक्क दिला, तक्रारी ऐकायला संस्थेच्या बाहेरचा माणूस असतो. फार लांबचं वाटत असेल तर केरळ बघा, २०२५ मध्ये त्यांनी ज्येष्ठांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा केला. आपण पुरोगामी महाराष्ट्र. आपण काय केलं? ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट केली. वयोश्री योजनेत एकदाच ३ हजार दिले. घेतले आईनं, कमरेचा पट्टा आणला त्यातून, उपकार मानते. पण जिला कॉटवरून उतरायला परवानगी मागावी लागत होती तिनं फुकटची एसटी कशी पकडायची?

इथं २०२७ च्या कुंभासाठी स्वतंत्र प्राधिकरण झालं, त्यासाठी कायदा झाला, तोही भराभर झाला. रस्ते, घाट, पूल, हजारो कोटींचे आकडे रोज पेपरात. व्हावं, गावाचा सोहळा आहे, आम्हीही रामकुंडावर जातो. पण ज्या गावात कोट्यवधी लोकांच्या स्नानाचं मिनिट-मिनिटाचं नियोजन होऊ शकतं त्या गावात पंधरा-वीस म्हाताऱ्यांच्या एका बंगल्यात वर्षातून दोनदा अचानक जाणारा एक माणूस नेमता येत नाही, हे मला कुणी समजावून सांगा. निवडणुकीच्या वेळी मात्र ८५ च्या पुढच्यांसाठी घरी यंत्रणा येते, फॉर्म येतो, अधिकारी येतात, व्हिडिओ शूटिंगसह. तेव्हा सगळं जमतं.

आणि त्या मावश्यांबद्दलही बोलायचंय. माझा त्यांच्यावर राग आहे, तो जाणार नाही. पण त्यांना महिना ९ हजार मिळतात, ड्युटी बारा तासांची, रात्री सगळ्या मजल्याला एकच बाई. कुणीतरी त्यांना कधी शिकवलंय का की पक्षाघात झालेल्या माणसाला उठवायचं कसं, रडणाऱ्या माणसाशी बोलायचं कसं? ज्या मुलीनं मला केबिनमधली हकीगत सांगितली ती विशीतली होती, आजींना वेणी घालून द्यायची, गाणी म्हणायची. तिला मालकानं "लाडावून ठेवू नको" म्हणून झापलं आणि तिनं नोकरी सोडली. चांगलं वागणारी टिकत नाही आणि ओरडून वीस माणसं गप्प ठेवणारी कामाची ठरते. कुंपणच शेत खातंय आणि तुमचं खातं कुंपणालाच विचारतंय की शेत ठीक आहे ना.

माझं मागणं काय आहे? आमचे पैसे, डिपॉझिट, काही नको, ते बुडलं. कलम १९ खाली नियम काढा, पैसे घेणारं असो वा धर्मादाय, प्रत्येक केअर सेंटरची नोंदणी सक्तीची करा आणि यादी जिल्ह्याच्या वेबसाइटवर टाका. मानसिक छळ म्हणजे काय ते त्या नियमात स्पष्ट लिहा, धमकी, अपमान, एकटं पाडणं, चष्मा-काठी-मशीन काढून घेणं, चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी देणं, सगळं. तपासणीत राहणाऱ्या माणसाशी मालक आणि स्टाफ नसताना बोलायचं, ऐकू येत नसेल तर मशीन लावून बोलायचं, आणि तपासणीत एक तरी बाई आणि एक मानसोपचाराची जाण असलेली व्यक्ती असलीच पाहिजे. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी ते ठरवा, त्यांना किमान वेतन द्यायला लावा. आणि तक्रार करणाऱ्याचं माणूस तिथंच राहत असेल तर तक्रारीनंतर त्याचं काय होतं हे बघायची जबाबदारी कुणाची, ते नाव आणि मोबाइल नंबरसकट जाहीर करा.

आणि ह्या सगळ्याला वेळ लागणार, समिती नेमणार, अहवाल येणार हे मला माहीत आहे. म्हणून एक गोष्ट ह्या आठवड्यात करा. माझ्या तक्रारीचा जावक क्रमांक मी तुमच्या कार्यालयाला मेल केलाय. ते प्रकरण पुन्हा उघडा. आईची वही तयार आहे, तिचा जबाब घ्या. तिथं अजून जे आजी-आजोबा आहेत, त्यातले एक रेल्वेतले काका रोज सकाळी बॅग भरून दाराशी बसतात आणि त्यांना रोज सांगतात की मुलगा दुपारी येतोय, मग दुपारी सगळे हसतात. त्यांच्यासाठी कुणाला तरी पाठवा. संध्याकाळी सातनंतर, जेवणं झाल्यावर पाठवा. आणि मालकाला आधी फोन करू नका.

आपली,
शिक्षिकेची मुलगी
इंदिरानगर, नाशिक